आढी उठेपर्यंत

माझा धंदा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा. त्यामुळे आमच्या घरातली कुठलीच गोष्ट आजवर हळू आवाजात झालेली नाही. वहिनी गेल्याची बातमीसुद्धा नाही. त्या सकाळी चिपळूणला एका लग्नाच्या मंडपात मी माइक तपासत उभा होतो. एका हातात माइक, दुसऱ्या हातात फोन. फोनवर पुतणी, मंजू. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, "कुठे गेली?" ते चारही कर्ण्यांतून बाहेर पडलं. वाशिष्ठीच्या पलीकडच्या काठाला धुणं धुणाऱ्या बायकांनीही माना वर केल्या असतील. मंजूचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण तोरण बांधणारी बाई झेंडूची टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की मी काय विचारलं होतं...

चिपळूण ते पावस हे अंतर मी टेम्पोने दीड तासात कापतो, असं मी लोकांना सांगतो. त्या दिवशी मात्र खरोखरच किती वेळ लागला ते आठवत नाही. रडू आलं नाही. हातखंब्याच्या अलीकडे एकाएकी पाठीला घाम फुटला आणि मला कळलं की मी भ्यालो आहे. डोक्यात तीनच गोष्टी फिरत होत्या. घरात आढी आहे. घरात दादा आहे. घरात वहिनी नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आंबा झाडावरून उतरवला की आम्ही तो भाताच्या पेंढ्यात पिकत घालतो. खोलीभर पेंढा अंथरायचा, त्यावर आंब्यांची रांग, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. त्याला आढी म्हणतात. चैत्र-वैशाखात आमच्याकडे माणसं पडवीत झोपतात आणि घरातली सगळ्यात गार खोली आंब्यांना मिळते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, बाहेरचा चिरासुद्धा तापून पाय पोळत असताना, आम्ही घराच्या पोटात कमरेइतका वाळका पेंढा भरून ठेवतो आणि त्याच्या शेजारी निवांत जेवतो, झोपतो. वाडवडलांपासून हे असंच. त्यात भिण्यासारखं काही आहे हे आमच्या वाडीत फक्त एका बाईला कळलं होतं.

कुंदावहिनी आंजर्ल्याची. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा विशीची होती आणि इतकी कमी बोलायची की पहिले सहा महिने मला वाटत होतं, दादाने मुकी बायको केली. मी बोलण्यातला माणूस. माझ्या तोंडून निघालेला खेकडा संध्याकाळपर्यंत मगर होतो, हे मला मान्य आहे. वहिनी माझी प्रत्येक गोष्ट पूर्ण ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची. समुद्रात मला बैलाएवढा मासा दिसला, असं मी एकदा रंगवून सांगितलं, तर म्हणाली, "भावोजी, शिंगांसकट?" बस. त्यानंतर तो मासा मी पुन्हा कुणाला सांगितला नाही.

दादा आणि मी दोघेही विड्या ओढायचो. आमच्याकडे विडी सबंध कोणी ओढत नसे. अर्धी ओढायची, टोक चिमटीत विझवायचं आणि उरलेली अर्धी भिंतीत ठेवायची. आमची घरं जांभ्या चिऱ्याची, आणि जांभा म्हणजे अंगभर भोकं. बोट जाईल अशी भोकं. आतल्या भिंतींना गिलावा कोण करतंय. तेव्हा ज्याचं त्याचं एक ठरलेलं भोक असायचं. आढीच्या खोलीत दादाचं भोक दाराजवळ, माझं खिडकीखाली. दुसऱ्याच्या भोकातली विडी काढून ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आढी लावताना, पिकलेला आंबा वेचताना तोंडात विडी असायचीच, आणि काम झालं की ती भोकात जायची. खाली कमरेइतका पेंढा. आज हे लिहिताना माझ्या तळव्यांना घाम येतोय. तेव्हा मी शीळ घालत होतो.

तीस वर्षं होत आली त्याला. मे महिन्यातली दुपार. मंजू मामाकडे आंजर्ल्याला गेलेली. दादाने आणि मी मिळून आंबा वेचला. दादाने आपली अर्धी विडी दाराजवळच्या भोकात खोचली, पडवीत जाऊन आडवा झाला आणि घोरायला लागला. मी मागाहून माझी खिडकीखाली ठेवली. चिमटीत विझवली होती का? विझवली होती, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते चित्रासारखं दिसतं. पण चिमटीला चटका बसल्याचं काही आठवत नाही... मी बाहेर फणसाखाली कर्ण्याची तार जोडत बसलो.

पहिली हाक वहिनीची. ती विहिरीवर होती. तिथून तिला आमच्या कौलांतून पिवळा धूर निघताना दिसला. मी पोचेपर्यंत तिने आढीच्या खोलीचं दार उघडून पाहिलं होतं आणि पुन्हा ओढून घेतलं होतं. पेंढ्याची आग मी त्याआधी शेतात पाहिली होती, भाताच्या रोपांसाठी राब भाजताना. घरातली वेगळी असते. तिचा आवाज होतो. मोठ्या जमावाने एकदम कुजबुजावं तसा. मग कौलं फुटायला लागली. वाडीतली माणसं कळश्या घेऊन धावली, कोणी शिडी लावली, कोणी माती फेकत होतं. आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीला लागून गोठा.

गोठ्यात दोन गाई. वहिनी आत शिरली. एक गाय तिने सोडून बाहेर हाकलली. दुसरी कपिला. आगीला भ्यालेलं जनावर बाहेर पळेल असं आपल्याला वाटतं. कपिला दाव्याला ओढ देऊन भिंतीकडेच सरकत राहिली, आपल्या रोजच्या जागेकडे, आणि गाठ घट्ट होत गेली. वहिनीचा डावा हात त्या गाठीत होता. वरून वासा आला तेव्हा मी तिला कमरेला धरून मागे खेचलं. माझ्या हातून झालेलं त्या दिवशीचं एवढंच बरं काम. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. कपिला गेली. तिचं ओरडणं मी कधीच कुठल्या गोष्टीत घातलं नाही.

आग विझली ती निम्मं घर घेऊन. नंतर महिनाभर अंगणात भाजलेल्या आंब्यांचा वास येत होता. आंब्याची साटं वाळत घातल्यासारखा गोड. त्याच्याखाली दुसरा एक वास होता.

दादा त्या दिवशी अंगणाच्या मध्यावर उभा होता आणि एकच म्हणत होता, "माझी विडी... माझी विडी होती आत." सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. त्या वेळी मी पुढे होऊन एक वाक्य बोलायला हवं होतं. ते वाक्य घशापर्यंत आलंही. तेवढ्यात कोणीतरी मला विचारलं, "वसंता, झालं तरी कसं?" मी मान वर केली. फणसावर एक वानर बसून आमच्याकडे बघत होतं. "वानर," मी म्हणालो, "वानराने विजेची तार ओढली. ठिणगी पडली."

दादाला वाचवायला बोललो, असं मी मला सांगितलं. पण लोकांनी मान डोलावली आणि मला जो सुटल्यासारखा श्वास आला, तो दादासाठी नव्हता.

आठएक दिवसांनी विहिरीवर वहिनी भेटली. डाव्या हाताला पांढरं गाठोडं बांधलेलं, उजव्या हाताने रहाट ओढत होती. मी पुढे होऊन कळशी घेतली.

"भावोजी, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या वानराला मिशी होती?"

मला तेव्हा मिशी होती. चांगली झुपकेदार. मी म्हटलं, "वानराला कसली मिशी, वहिनी?"

"मग खिडकीखालच्या भोकात विडी कोणी ठेवली? मी दार उघडलं तेव्हा खिडकीकडचा पेंढा पेटला होता. दाराकडचा धड होता. ह्यांची विडी भोकात होती, थंड. मी बघितली."

कळशी माझ्या हातून विहिरीत पडली. त्याचा आवाज मला फार उशिरा ऐकू आला, असं वाटतं. मी म्हटलं, "मी आत्ता जातो. दादाला सांगतो."

"बसा खाली," ती म्हणाली. दरडावून नाही, ताटावर बसा म्हणावं तसं. "ह्यांनी काल विड्यांचं बंडल चुलीत टाकलं. लग्न झाल्यापासून मी मागे लागलेय, नाय सोडली. काल सोडली. तुम्ही खरं सांगितलंत की उद्या सकाळी परत पेटवतील."

"पण वहिनी, गाईचं पाप तो आपल्या माथ्यावर घेऊन बसलाय. जेवत नाही."

"जेवतील. मी जेववीन." तिने वाकून कळशी कुठे गेली ते बघितलं. "एकदा जळलं ता जळलं. दुसऱ्यांदा मला हात उरला नाय घालायला."

मग तिने माझ्यासाठी नियम सांगितले. तुमची सुटायची नाय, मला ठाऊक हाय, तर ओढा. पण सड्यावर. आमच्या वाडीच्या वर जांभ्याचा उघडा कातळ आहे, उन्हाळ्यात तिथे गवताचं पातं नसतं. तिथे जायचं, जाताना करवंटीत पाणी न्यायचं. विडी त्यात बुडवायची, चुर्र झालेलं ऐकायचं, करवंटी परत आणून मला दाखवायची. खिशात काडेपेटी घेऊन घरात पाऊल टाकायचं नाही. आणि आडवं होऊन विडी कधीच, कुठेच ओढायची नाही. "माणूस निजतो," ती म्हणाली, "विडी निजत नाय."

मी कबूल केलं. न करून सांगतो कुणाला.

हात बरा झाल्यावर तिने घरातली भोकं बुजवायला घेतली. माती, शेण, थोडा चुना. घर नव्याने उभं राहिलं होतं, तरी चिरे तेच. एकेका भोकात गोळा भरायची आणि अंगठ्याने दाबायची. लाखभर भोकं असतील, असं मी सांगत असतो; हजार तरी नक्की होती. चार महिने लागले. आजही आमच्या घरात भिंतीवर हात फिरवलात तर तिच्या अंगठ्याचे खळगे लागतात. दादा एकदाही म्हणाला नाही की हे काय चालवलंयस. तो पाटीत माती कालवून तिच्या पायाशी आणून ठेवायचा आणि मान खाली घालून परत जायचा. ते बघून मी सड्यावर पळायचो.

आणि माझं वानर वाढत गेलं. लोकच विचारायचे, वसंता, सांग रे ती आग. पहिल्या वर्षी एक वानर होतं. पाचव्या वर्षी अकरा झाली. पुढे पुढे तर त्यांच्या म्होरक्याच्या तोंडात विडी असायची आणि तो कौलावर मांडी घालून ती ओढायचा. हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. गोष्टीत तो म्होरक्या आला की मी दर वेळी वहिनीकडे बघायचं टाळायचो, आणि तरी मी त्याला काढत नव्हतो. दादा ती गोष्ट सुरू झाली की उठून जायचा. वहिनी बसून पूर्ण ऐकायची. शेवटी एक प्रश्न विचारायची तिची सवय होती ना? या गोष्टीवर तिने तीस वर्षांत कधी प्रश्न विचारला नाही. ते मला सगळ्यात भीतीदायक वाटायचं.

तिचं नाक म्हणजे काय सांगू. पावसच्या बाजारात कोणी काडी ओढली तर आमच्या आगरात हिला शिंक यायची. पाहुणे येऊन गेले की गाद्या, चटया, उशा उचलून एकेक हुंगायची. पडवीत पाणी भरलेलं मडकं असायचं, त्यात थोटकं टाकायची. कोरड्या बशीत कोणी विझवलं तर तिच्यासमोर उठून पुन्हा पाण्यात टाकावं लागायचं. मुंबईचे पाहुणे हसायचे. ती हसू द्यायची आणि मडकं पुढे करायची.

एकदा पावसला एका लग्नात तिने माझी अब्रू घालवली किंवा मंडप वाचवला, तुम्ही ठरवा. छताला नवीन कापड, चारी बाजूंना झालर, खाली पंगत. नवऱ्यामुलाकडची मंडळी झालरीला टेकून सिगरेटी ओढत उभी. मी मंडपवाला, पाहुण्यांना बोलणार कसा? वहिनी आली, माझ्या हातातला माइक घेतला. जन्मात माइक धरला नव्हता तिने. आणि शांतपणे म्हणाली, "ज्या पाहुण्यांच्या हातात सिगरेट हाय, त्यांनी इथे येऊन आपलं नाव आणि गाव सांगावं. म्हणजे मंडप पेटला की कोणाच्या दारात जायचं ता आम्हाला कळेल." पंगतीत भाताचं शीत पडलं असतं तरी आवाज आला असता. नवऱ्यामुलाचा मामा, चांगला सहा फुटी माणूस, पुढे आला, पाण्याच्या पिंपात सिगरेट टाकली आणि तिला नमस्कार करून गेला. त्याच्या मागे आणखी चौदा जण. बरं, सात. सात तर मी मोजलेच.

एप्रिलमध्ये तिच्या छातीत दुखायला लागलं. रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं. आठ दिवस होती. मी चिपळूणला जायच्या आदल्या दिवशी भेटायला गेलो. दादा औषध आणायला खाली गेला होता. ती उशीला टेकून बसली होती, डावा हात चादरीवर, तळव्यापासून कोपरापर्यंत मेणासारखा गुळगुळीत.

"आढी घातली?" तिने विचारलं.

"घातली. तू चिंता करू नको."

"पेंढा किती हाय?"

"असेल कमरेइतका."

 मग म्हणाली, "भावोजी, ह्यांना सांगायचंच असेल ना, तर आता सांगा तुम्ही. पण आढी उठल्यावर. शेवटचा आंबा निघाला, पेंढा घराबाहेर गेला, की मग. आधी नको."

मला समजलं नाही असं मी दाखवलं. "वहिनी, तू दोन दिवसांत घरी येतेस. तूच बघ काय ते."

"मी येईन की नाय ता निराळं. तुम्ही पेंढा बघा."

तीस वर्षं मी ज्या परवानगीची वाट बघत होतो ती मिळाली, आणि मी दादा वर यायच्या आत तिथून निघालो.

ती गेली, आणि घर माणसांनी भरलं. मुंबईहून भाचे, पुतणे, त्यांचे मित्र. दुःखात माणूस जास्तच ओढतो. पडवीत दहा-बारा जण, मागे आढीच्या खोलीचं दार, दारातून पेंढ्याच्या काड्या बाहेर आलेल्या. मी करवंटी घेऊन त्यांच्यामागे फिरत होतो. कोणी उठलं की चटई उचलून हुंगत होतो. एक पुतण्या दुसऱ्याला म्हणाला, "काकांना धक्का बसलाय रे." असेल. मला चटईत, उशीत, मंजूच्या पदरात, जिथे तिथे धूर येत होता. आणि वहिनीसारखं नाक मला नाही. मला येणारा धूर खरा की खोटा, हे विचारायला कोणी नव्हतं.

बाराव्या दिवशी माणसं तेराव्याच्या तयारीला बाजारात पांगली. दुपारी पडवीत दादा आणि मी, दोघेच. दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. खुर्चीत ताठ बसला होता, आढीच्या दाराकडे तोंड करून.

"भटजींना सांगितलंय," तो म्हणाला, "उद्या एक पान कपिलेच्या नावानं वाढायचं."

"कपिलेच्या?"

"हिचा हात माझ्यापायी गेला. गाय माझ्यापायी गेली. ही कधी बोलली नाय मला. एकदा नाय. माझी वेळ येईल तेव्हा ता सगळं माझ्या पानात असणार हाय, वसंता. निदान गाईला घास तरी घालूया."

आढी उठायला अजून निदान तीन आठवडे होते. आत कमरेइतका पेंढा होता. वहिनीचा शब्द माझ्या कानात होता. मी तो मोडला. वानर न घालता, हात न हलवता, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात सांगितलं. खिडकीखालचं भोक. विहीर. तिने काय पाहिलं, काय म्हणाली, मला का बोलू दिलं नाही. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील.

 दादाने माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"विडी हाय?"

 हीच ती सकाळ, जिला वहिनी तीस वर्षं भ्याली होती. फक्त दुपार झाली होती. मी म्हटलं, "दादा, सड्यावर जाऊ. चल, मी हात धरतो."

"इथेच दे."

मी विडी दिली. काडेपेटी मी अंगणात टेम्पोत ठेवली होती, तिच्या नियमाप्रमाणे, आणि तेवढ्याचाच आधार होता. त्याने विडी ओठांत धरली. ती नाचत होती. आत चुलीत विस्तव होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो उठला तर त्याला धरायचं कसं, याचा मी हिशेब करत होतो, आणि मला धरण्याचा हक्क कुठून आला, याचाही.

"म्हणजे हिला वाटायचं, मला कळलं तर मी परत ओढीन," तो म्हणाला.

"हो."

"म्हणून बोलली नाय."

"हो."

"इतकी वर्षं. माझ्या शेजारी निजून."

 वारा पडला होता. दादाने विडी ओठांतून काढली, बोटांत फिरवली, नाकाशी नेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता. मला वाटलं आता तो मला घालवून देईल, नाहीतर तिला शिव्या देईल, आणि दोन्हीपैकी काय जास्त वाईट ते मला ठरवता येईना.

"ओढली असती," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशीच ओढली असती मी."

त्याने विडी माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, "आगीच्या दिवशी मी निजलो होतो ना इथे. त्यापास्नं दुपारी पाठ टेकली नाय मी. तुला ठाऊक हाय?" मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून, धंद्यासाठी रोज येऊन-जाऊन, मला ते कधी दिसलं नव्हतं. "आज वायच पडतो," तो म्हणाला. चटईवर आडवा झाला, भिंतीकडे तोंड केलं आणि थोड्या वेळाने घोरायला लागला.

तेराव्याला कपिलेचं पान वाढलं. ते मी वाढलं.

हे सगळं लिहून छापायला देऊ का, असं मी त्याला विचारलं, कारण रविवारची पुरवणी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. "लिही," म्हणाला, "पण वानरं घालू नको." माझ्याशी तो पूर्वीइतकं बोलत नाही. कधी दोन दिवस अजिबात नाही. दुपारी मात्र जेवण झालं की चटई टाकतो आणि निजतो, तीस वर्षांची झोप एका वैशाखात काढायची असल्यासारखा.

तो निजला की मी दारात बसतो. हे लिहितोय तेही तिथेच बसून. तलफ येते, करवंटीत पाणी भरतो, सड्याच्या वाटेला लागतो आणि कुंपणापासून मागे फिरतो. तो निजलेला, आत पेंढा, आणि घरात दुसरं कोणी नाही... वहिनी दुपारी काय करायची ते मंजूने मला परवा सांगितलं. दर तासाने आढीत हात घालायची, उजवा, तोच धड होता. आंबा पिकताना पेंढा आतून गरम होतो. ती गरमी आंब्याची की दुसरी कशाची, एवढंच बघायचं असायचं तिला. आत्ता खोलीत काहीतरी सळसळलं. उंदीरच असणार. तरी उठून आत आलोय, पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातलाय. गरम लागतंय. आंब्याचंच असेल. आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवतो.